टॅपेट कव्हर आणि रूपकाची घाई

साहित्याचा अभ्यास करणाऱ्या आपणा मंडळींना एक सवय जडलेली असते. एखादी वस्तू समोर आली की ती कशाची तरी प्रतिमा असणार असे गृहीत धरून आपण तिच्या पलीकडे पाहू लागतो. जाते दिसले की संसार, रहाट दिसला की जन्ममरणाचा फेरा, उंबरठा दिसला की स्त्रीचे बंदिस्त जीवन. वस्तू बिचारी जागच्या जागी राहते आणि आपण पुढच्या गावाला पोचलेले असतो. गेली वीस वर्षे वर्गात मी हेच शिकवत आलो आहे आणि ही सवय सर्वस्वी वाईट आहे असे मला आजही वाटत नाही. पण गेल्या मे महिन्यात एका जुन्या मोटारीच्या इंजिनावरचे झाकण निघता निघत नव्हते, त्या अडीच तासांत या सवयीविषयी काही प्रश्न मनात आले. ते येथे मांडून पाहतो.

मोटार म्हणजे १९९७ सालची, कार्बोरेटरवर चालणारी मारुती ८००. या गाडीचे उत्पादन डिसेंबर १९८३मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०१४मध्ये थांबले. मधल्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांपुढे उभी राहिलेली पहिली चारचाकी हीच होती. आमचीही तीच. वडिलांनी ती निवृत्तीच्या पैशातून घेतली. ते गेल्यानंतर ती विकावी असा विषय घरात दर वर्षी निघतो आणि दर वर्षी मागे पडतो. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, तेव्हा तो जरा अधिक गांभीर्याने निघाला एवढेच. न विकण्याचे कारण भावनिक आहे असे नातेवाईक समजतात. खरे कारण आईचे गुडघे. तिला त्या गाडीच्या पुढच्या आसनावर कोणाचा हात न धरता बसता येते आणि उतरता येते. नव्या उंच गाड्यांत तिला अक्षरशः चढवावे लागते, आणि ते तिला अपमानास्पद वाटते. महिन्यातून दोनदा इस्पितळात जायचे, तर ते त्याच गाडीतून.

ही गाडी दीडेक वर्षापासून तेल गाळू लागली होती. झाकणाच्या कडेने पाझरलेले ऑईल तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवर ठिबके, जळे, आणि सिग्नलला थांबले की तो करपट वास आत शिरे. आईला खोकला येई. नेहमीच्या गॅरेजवाल्याने दोनदा पॅकिंग बदलले, दोन्ही वेळा काही महिन्यांत पुन्हा पाझर सुरू झाला. तिसऱ्या वेळी त्याने हात झटकले आणि 'हाफ इंजिन' काम करावे लागेल असे सांगितले. त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. याचा अर्थ सरळ होता : गाडी भंगारात.

आमच्या गल्लीत एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. वय सत्तरीच्या पुढे. सगळी गल्ली त्यांना मेस्त्री म्हणते, मीही म्हणतो. ते मला 'सर' म्हणतात, आणि त्या 'सर'मध्ये आदर किती व थट्टा किती हे मला अजून नीट उमगलेले नाही. मी गाडीचा विषय काढला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ''झाकण खोलून कुणी बघितलंय का नुसतंच सांगितलंय?'' मग म्हणाले, ''रविवारी आणा दारात. तुमचेच हात लावू. माझ्या बोटांत आता दम न्हाई.''

येथे शब्दांविषयी थोडे. इंग्रजी पुस्तकांत ज्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात त्याला आपल्याकडच्या गॅरेजांत 'टॅपेट कव्हर' म्हणतात, आणि गॅस्केटला 'पॅकिंग'. व्हॉल्व्हला 'झडप' हा चांगला शब्द मराठीत आहे. शरीरशास्त्रात तो रुळलाही, कारण हृदयाची झडप आता सर्वांना ठाऊक आहे. पण इंजिनाची झडप कोणी म्हणत नाही. उलट 'पाना', 'गोटी', 'आटे', 'वायसर' हे शब्द कोणत्याही परिभाषा-समितीची वाट न पाहता आले आणि टिकले. वायसर म्हणजे वॉशर, हे सांगावे लागेल अशी पिढी आता वर्गात आहे. आटे म्हणजे पेच फिरावा म्हणून कोरलेली वळणे. आटे गेले की बोल्ट नुसता फिरतो, पकडत नाही.

तर एअर क्लीनर उतरवून बाजूला ठेवला, नळ्या सोडल्या, १० नंबरच्या गोटीने झाकणाचे सर्व बोल्ट काढले. प्रत्येक बोल्ट ज्या जागचा त्या क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडायचा, असा मेस्त्रींचा दंडक. आता झाकण उचलायचे. ते हलले नाही. दोन्ही हातांनी धरून वर ओढले तरी तसूभरही नाही. एखादा बोल्ट राहिला काय, म्हणून मेस्त्रींनी कडेने बोट फिरवून पाहिले. काही राहिले नव्हते. मग त्यांनी चष्मा चढवला, बॅटरीच्या उजेडात सांध्याकडे पाहिले आणि मान हलवली. ''गोंद फासलाय.''

प्रकार असा होता. गळती थांबेना म्हणून आधीच्या कारागिराने रबरी पॅकिंगच्या खाली आणि वर सिलिकॉनच्या सीलंटचा जाड थर दिला होता. दुसऱ्या वेळी जुना थर पुरता न खरवडताच त्यावर नवा. ते सगळे इंजिनाच्या धगीत भाजून एकजीव झाले होते. वास्तविक रबरी पॅकिंगला गोंद नको असतो. रबर दाबले की ते उलट दाब देते आणि त्या उलट दाबावरच सांधा बंद राहतो. मध्ये निसरडा गोंद आला तर दाबाखाली रबर जागेवरून सरकते. शिवाय वर्षानुवर्षे ९०-१०० अंशांच्या तेलाशेजारी राहून रबर कडक होत जाते, त्याचा उसळून येण्याचा गुण जातो. काढलेले पॅकिंग वाकवून पाहावे. नवे वळते, जुने कडकन मोडते.

समोर लांब पेचकस पडलेला होता. सांध्यात त्याचे टोक घालून जरासे उचकटावे, हा विचार कोणाच्याही मनात प्रथम येईल. मेस्त्रींनी तो पेचकस उचलून खिडकीत ठेवला. कारण त्यांनी एका वाक्यात सांगितले : ''हेड अॅल्युमिनियमचं हाय, पेचकस पोलादाचा. कोण हरंल?'' ज्या दोन सपाट कडांच्या मध्ये पॅकिंग बसते, त्या कडेवर नखाएवढा जरी खड्डा पडला तरी तेलाला वाट मिळते, आणि ती वाट कोणत्याही पॅकिंगने बुजत नाही. झाकण वाकडे झाले तर दुसरे मिळेल. हेड खराब झाले तर मशीनवर घासायला न्यावे लागेल, म्हणजे पुन्हा तेच हाफ इंजिन. झाकण चिकटलेले असणे हे संकट नव्हते. चिडून केलेली एक कृती हे खरे संकट होते.

मग जे सुरू झाले ते पाहायला अतिशय कंटाळवाणे होते. रंगारी लांबी भरायला वापरतात ती पातळ पत्री मेस्त्रींनी आणली, तिची धार दगडावर घासून मोडली, कोपरे गोल केले आणि ती कडेने, आडवी, गोंदाच्या थरात सरकवायला सांगितली. उचकटायचे नाही, फक्त कापत जायचे. बोटभर आत गेली की बाहेर काढायची, पुसायची, पुढच्या बोटाला सुरुवात. मधूनच लाकडी मोगरीने झाकणाच्या कोपऱ्यांवर बाजूने हलके ठोके. वरून मारायचे नाही, बाजूने. थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून. जोर वाढू लागला की मेस्त्री म्हणत, ''त्याला सुटू द्या, सर. तुम्ही काढू नका.''

हे वाक्य ऐकताच माझ्यातला प्राध्यापक जागा झाला हे सांगायला नको. सुटणे आणि काढणे, अकर्मक आणि सकर्मक, कर्तेपणाचा त्याग. दोन पानांचा निबंध डोक्यात तयार झाला. मेस्त्रींना मात्र असले काही म्हणायचे नव्हते. जोर वरच्या दिशेने लागला तर पत्री तिरकी होते आणि कडेत रुतते, एवढेच त्यांना म्हणायचे होते. वाक्य पत्रीच्या कोनाविषयी होते.

पत्री चालवता चालवता मी आठवू लागलो, की मराठीत असे काम कोठे लिहिलेले आहे? काम करणारा माणूस मराठीत पुष्कळ आहे, त्याची भूक आहे, संप आहे, त्याचा अपमान आणि त्याचा अभिमान आहे. नारायण सुर्व्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६चा. कारखाना मराठी कवितेत इतक्या आपलेपणाने आधी आलेला नव्हता. पण नट सैल कसा करतात, धागा तुटला तर सांधतात कसा, हे आपल्या कथा-कादंबऱ्यांतून शिकता येईल असे मला वाटत नाही. संतांकडे जावे तर तेथे व्यवसाय भरपूर. सावता माळ्याचा मळा, सेना न्हाव्याची हत्यारे, नरहरी सोनाराची सोनारकी, गोरोबांची माती. पण ही हत्यारे हातात येताच ईश्वराकडे निघतात. त्यांचे प्रयोजनच ते असल्याने त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष असलाच तर तो पुढच्या सातशे वर्षांत आपण तेवढा एकच मार्ग साहित्यिक मानला यात आहे. बहिणाबाई चौधरी याला काहीसा अपवाद. त्यांची गाणी १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांतही काम शेवटी जीवनाकडे वळते, पण वळण्याआधी ते पुरते झालेले असते, हाताने केलेले कळते. आपण परीक्षेत प्रश्न मात्र वळणानंतरच्या भागावरच काढतो.

आणि गंमत अशी, की ज्या मासिकाने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या, ते लोखंडी नांगरांच्या कारखान्यातून निघाले. किर्लोस्करवाडी वसली १९१०मध्ये, आणि १९२०मध्ये तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. शं. वा. किर्लोस्करांनी सुरू केलेले हे पत्र आधी कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर देण्यासाठी होते. पुढे नावातली 'खबर' गळाली, कथा-लेख-चित्रे वाढली आणि नांगर मागे पडला. वाङ्मयीन इतिहासात आपण याला विकास म्हणतो. तो होताही. तरी नांगराच्या फाळाविषयीचे आणि कथेविषयीचे गद्य एकाच अंकात शेजारी नांदत होते, त्या थोड्या वर्षांत मराठी गद्याला काय मिळत होते, याचा कोणी विद्यार्थ्याने शोध घ्यावा असे मला वाटते. प्रबंधाला विषय हवा असणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

इंग्रजीत रॉबर्ट पर्सिग यांचे मोटारसायकलच्या देखभालीवरचे १९७४चे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यातही बाजूच्या झाकणाचा एक अडलेला स्क्रू आहे आणि त्यावरून बरेच तत्त्वज्ञान आहे. मला त्या पुस्तकात तत्त्वज्ञानापेक्षा तो स्क्रू अधिक आवडतो. तो अडतो, त्याची खाच फाटते, आणि स्वस्तातल्या त्या स्क्रूमुळे अख्खी मोटारसायकल कुचकामी होते. तेवढ्यापुरते ते गद्य मला हेवा वाटावा इतके घट्ट वाटते.

असो. दोन तास होऊन गेल्यावर तिसऱ्या फेरीला डाव्या कोपऱ्याने बारीक आवाज केला. मेस्त्रींनी मोगरीचा एक ठोका दिला, आणि झाकण हातात आले. आत तीन सिलिंडरांच्या सहा झडपा दाबणारे रॉकर, त्यांचे शाफ्ट, कॅमचे उंचवटे. सगळ्यावर तेलाचा तांबूस तजेला. माझ्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी घेतलेल्या यंत्राचा हा भाग मी प्रथमच पाहत होतो.

मेस्त्रींचे लक्ष मात्र तेथे नव्हते. झाकणातून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी त्यांनी तोंडाला लावली आणि फुंकली. गाल फुगले, हवा पलीकडे गेली नाही. तार घालून त्यांनी आतून काळ्या लोण्यासारखा साका बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. ''हे बघा तुमचं हाफ इंजिन.''

इंजिनातले जळते वायू थोडेफार पिस्टनच्या कडेने खाली निसटतातच. त्यांना बाहेर पडायला ही नळी असते. तिच्यातून ते एअर क्लीनरकडे जातात आणि पुन्हा इंजिनात ओढले जाऊन जळतात. नळी तुंबली की आत दाब वाढतो, आणि दाब सर्वांत कच्चा सांधा शोधून तेल बाहेर ढकलतो. पॅकिंग दोनदा बदलले, गोंद फासला, तरी गळती थांबली नाही याचे कारण हे. पॅकिंग बिचारे मार खात होते. आणि साका कशाने? घर ते इस्पितळ तीन किलोमीटर. तेवढ्यात इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी वाफ होऊन निघून जात नाही, ते तेलात मिसळते आणि लगदा होतो. ''म्हातारं माणूस आणि गाडी, दोघांनाबी जरा लांब फिरवावं लागतं,'' मेस्त्री म्हणाले. म्हणजे रूपक शेवटी त्यांनीच केले. गॅरेजची भाषा तशी रूपकांनी भरलेलीच असते. इंजिन तेल पिते, आटे खाल्ले जातात, टॅपेट बोलतात, नळी श्वास घेते. फरक एवढाच, की तेथे ही रूपके वस्तूकडे बोट दाखवतात. 'टॅपेट बोलतायत' म्हटले की ऐकणारा टॅपेटकडे जातो, जीवनाकडे जात नाही.

पुढचा तास गोंद खरवडण्यात गेला. आतल्या भागावर स्वच्छ फडके अंथरून, म्हणजे गोंदाचा तुकडा आत पडून तेलाच्या जाळीत अडकू नये. धातूची पत्री नाही, पॉलिश पेपरही नाही, कारण त्याची रेव आत गेली तर बेअरिंगचे नुकसान. लाकडाची पातळ चीप आणि रॉकेलऐवजी थोडे पेट्रोल लावलेली चिंधी. अशा कामात डोके रिकामे राहते, आणि त्या रिकाम्या डोक्यातच एक कल्पना आली, जी पुढे जुलैत मी द्वितीय वर्षाच्या वर्गात राबवली. तुम्हाला नीट येणाऱ्या एका कामाचे वर्णन एक पान लिहा. अट एकच : 'जणू', 'सारखे', 'म्हणजे जीवनच' यांतले काही येता कामा नये.

बहुतेकांनी चहा केला. पण कागल तालुक्यातल्या एका मुलीने गुऱ्हाळ लिहिले. काहिलीतला रस कधी हलवायचा, रानभेंडीचे पाणी घातल्यावर मळी कशी वर येते आणि ती किती वेळात काढायची, पाक झाला हे गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून कसा ओळखतो, जाळ घालणाऱ्याला काय ओरडून सांगतो. ते पान वाचताना मला घामाचा आणि रसाचा वास आला, आणि त्यात एकही अलंकार नव्हता. ही मुलगी प्रतिमा-प्रतीकांच्या प्रश्नाला दहापैकी तीन गुण मिळवते. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी ते पान दाखवले. त्यांनी आस्थेने वाचले आणि विचारले, ''छान आहे. पण यात साहित्य कोठे आहे?'' प्रश्न कुत्सित नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की नुसती अचूकता हे साहित्य असेल तर कृषिखात्याची पत्रकेही साहित्य ठरतील. यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. पत्रकात गुळव्या ओरडत नाही, हे मी म्हणालो. अंतर्गत मूल्यमापनात त्या पानाला गुण द्यावेत की नाहीत, यावर आमचा वाद अजून चालू आहे. प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमात असा एक स्वाध्याय घालावा असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळाकडे पाठवला आहे.

त्या रविवारी संध्याकाळी नवे पॅकिंग बसवले. कोरडे, गोंदाशिवाय. झाकणाच्या खाचेत ते बोटाने दाबत दाबत सगळीकडे बसले की नाही हे पाहायचे. झाकण सरळ खाली ठेवायचे, सरकवायचे नाही. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधल्यापासून बाहेर, समोरासमोर, थोडे थोडे. असल्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आतबाहेरचा जोर पुरतो, असे पुस्तके सांगतात. मेस्त्री पाना मुठीत न धरता तीन बोटांत धरायला सांगतात. ''मुठीनं आवळलं की पॅकिंग बाहेर येतंय.'' नळी पेट्रोलने धुऊन, फुंकून, पुन्हा जोडली. इंजिन चालू केले, ऑईल भरायचे बूच काढले, आणि तेथून येणारा वाफेचा फुसका आवाज आता येत नाही हे मेस्त्रींनी मला दोनदा ऐकवले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. पॅकिंगचे तेवढे घेतले.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आईला घेऊन पन्हाळ्याला जातो. वीसेक किलोमीटर जाणे, तेवढेच येणे, वर चढण. तिला वाटते आपल्यासाठी जातो. परवा चौथ्या फेरीनंतर मेस्त्रींनी पांढरे फडके झाकणाच्या कडेने फिरवून पाहिले. तीन बाजू कोरड्या निघाल्या. डाव्या कोपऱ्यात, जेथे झाकण प्रथम सुटले होते तेथे, फडक्याला किंचित तेलकट डाग आला. मी पाना आणायला वळलो तर ते म्हणाले, ''राहू द्या. लगेच आवळायचं न्हाई. अजून हजार किलोमीटर बघू.''